केळी, बदकं आणि पंतप्रधानांच्या गाडीचा नंबर

थायलंडमध्ये नवा पंतप्रधान आला की लोक आधी काय बघतात माहितीये? त्याच्या गाडीचा नंबर. इथे दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला सरकारी लॉटरी निघते आणि तेवढ्यासाठी लोक सतत आकडे शोधत असतात, कुणी जुन्या झाडाच्या बुंध्यावर पावडर चोळून आकडा उमटतो का बघतं, कुणी काल पडलेल्या स्वप्नातून आकडा काढतं, कुणी अपघात झालेल्या गाडीची नंबरप्लेट लिहून घेतं, आणि राजकारणात उलथापालथ झाली की मग तर काय चंगळच, पंतप्रधानांची गाडी, पंतप्रधानांचं वय, कोर्टाचा निकाल लागला ती तारीख, जिकडे बघावं तिकडे आकडेच आकडे. आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी एक बाई लाकडी पेटी उघडून तिकिटं विकायला बसते. ८० बाथला एक. तिच्यापुढे अवेळी गर्दी दिसली की मी समजतो, बँकॉकात वर काहीतरी हललंय.

आणि हलत तर असतंच. मी इथे आलो तेव्हा यिंगलक शिनावात पंतप्रधान होत्या. त्यांना कोर्टाने घालवलं, मग लष्कर आलं, जनरल प्रयुत नऊ वर्षं बसले, मग स्रेट्था आले, त्यांनाही कोर्टाने घालवलं, मग माजी पंतप्रधान थाकसिनची मुलगी पेतोंगतार्न, तिलाही कोर्टानेच, आणि सप्टेंबर २०२५ पासून अनुतिन, ज्यांच्या काळात डिसेंबरात संसद बरखास्त झाली आणि मी हे लिहितोय तेव्हा ८ फेब्रुवारी २०२६ ची निवडणूक तोंडावर आहे. सध्या फुटपाथवर उमेदवारांचे बोर्ड इतके लागलेत की विजेच्या खांबापाशी चालायचं तर आडवं होऊन जावं लागतं. पुण्याहून मित्राचा फोन आला की तो विचारतो, काय रे, तिकडे काय चाललंय? मी म्हणतो काही नाही, मजेत. खोटं बोलत नाही हं मी. बीटीएस, म्हणजे इथली पुलावरची मेट्रो, वेळेवर येते, सेव्हन-इलेव्हनचं दुकान चालू असतं, सकाळी कोळशावर मू-पिंग भाजणारी मावशी आपल्या जागेवर असते. सरकार पडलं म्हणून इथे माझं दूध एक दिवससुद्धा चुकलेलं नाहीये.

हे 'माझं काही चुकत नाही' प्रकरण काय आहे, ते जरा नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

२२ मे २०१४ ला संध्याकाळी प्रयुत टीव्हीवर आले आणि लष्कराने सत्ता ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं तेव्हा मी सामुत प्राकानला कारखान्यात होतो. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, मी क्वालिटीत. एचआरची बाई फ्लोअरवर येऊन, कॅन्टीनमध्ये आज नूडल्स आहेत हे सांगावं त्या आवाजात म्हणाली, रात्री १० ते पहाटे ५ कर्फ्यू आहे, सेकंड शिफ्ट लवकर सोडणार, बसेस इतक्या वाजता निघतील. बास. कुणी विचारलं नाही का, कसं, किती दिवस. माझ्या डोक्यात मात्र आपलं पक्कं मराठी मध्यमवर्गीय गणित सुरू झालं, तांदूळ किती आहे, पाणी भरून ठेवावं का, एटीएममधून पैसे काढावेत का. घरी पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला कारण अख्खं शहर एकाच वेळी घरी निघालं होतं. टीव्हीवर सगळ्या चॅनेलवर एकच चित्र, सैन्यदलांची बोधचिन्हं, आणि मागे देशभक्तीपर गाणी. बीबीसी बंद, सीएनएन बंद. खाली सेव्हन-इलेव्हनमध्ये गेलो तर तिथे रांगेत सगळे शांत उभे, हातात नूडल्सची पाकिटं आणि बिअर, आणि गल्ल्यावरची पोरगी नेहमीसारखी विचारतेय, सॉसेज गरम करून देऊ का.

सकाळी मू-पिंगवाली मावशी होती. रोजच्यासारखी काडीला लावलेलं डुकराचं मांस आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकट भात. मी मोडक्यातोडक्या थाईत विचारलं, मावशी, काल रात्री... तिने मान हलवली आणि विचारलं, किती काड्या?

पुढचे काही आठवडे तर विनोदीच होते. लष्कराने 'जनतेला आनंद परत देण्याची' मोहीम काढली, म्हणजे चौकाचौकात फुकट केस कापणं, फुकट जेवण, बँड, लष्करी छापाचे तंग कपडे घातलेल्या नाचणाऱ्या मुली. प्रयुतसाहेबांनी स्वतः एक गाणं लिहिलं आणि ते इतकं वाजवलं की आमच्या कॅन्टीनवाल्यालाही पाठ झालं. त्या वर्षीच्या फुटबॉल वर्ल्डकपच्या सगळ्या मॅचेस लष्कराने फुकट दाखवायला लावल्या. मी त्या बघितल्या. मजेत बघितल्या. आणि त्याच दिवसांत एका मॉलबाहेर कुणीतरी निषेधाची तीन बोटं वर केली म्हणून उचललं गेलं, कुणी निषेध म्हणून चारचौघांत सँडविच खाल्लं म्हणून पोलीस मागे लागले, हे बातम्यांत वाचत होतो. सँडविच! वडापाव खाण्यावर बंदी आली तर मुंबईत काय होईल याची मी नुसती कल्पना केली.

आमच्या भारतीय लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा सगळ्यात जास्त अंगठे मिळालेला मेसेज होता, "बरं झालं, आता शिस्त येईल, आपल्याकडेही असंच पाहिजे." तो लिहिणारा माणूस वाईट नाही, दिवाळीला स्वतःच्या हाताने चकल्या तळून घरोघरी देतो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलंय ते अडकलंयच. त्याच्यावर पुढे येतो.

तर मुळात हे सगळं कशावरून? थोडक्यात सांगायचं तर १९३२ मध्ये इथे राजाची निरंकुश सत्ता संपली, आणि तेव्हापासून आजपर्यंत डझनभर यशस्वी लष्करी उठाव आणि वीस राज्यघटना झाल्या. आपण एका घटनेत शंभरावर दुरुस्त्या करून बसलोय, यांनी पुस्तकच बदलत ठेवलं. २००१ ला थाकसिन शिनावात नावाचा टेलिकॉममधला अब्जाधीश निवडून आला आणि त्याने ३० बाथमध्ये उपचार ही योजना आणली. हा आकडा साधा दिसतो, पण आमच्या कंपनीचे ड्रायव्हर आहेत, इसानचे, म्हणजे ईशान्येकडच्या उदोन थानीचे, त्यांना ऐका. मी त्यांना 'पी' म्हणतो, म्हणजे दादा, ते माझ्याहून मोठे आहेत. त्यांच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्याची पावती त्यांनी गाडीच्या सनशेडमध्ये ठेवलेली मी बघितलीये. ३० बाथ. आधीच्या पिढीत असं काही निघालं की म्हैस विकायची, नाहीतर मुलीला बँकॉकला पाठवायची, असं ते अगदी सहज बोलून जातात आणि पुढचा सिग्नल सुटला की विषय संपतो.

थाकसिन काही संत नव्हता. त्याच्या काळात ड्रग्जविरोधी मोहिमेच्या नावाखाली २००३ मध्ये दोन हजारांवर माणसं मारली गेली, दक्षिणेत काय काय झालं, कुटुंबाच्या कंपनीचे शेअर्स विकताना टॅक्स भरला नाही म्हणून शहरातला सुशिक्षित वर्ग खवळला, आणि त्या खवळण्यात तथ्य होतं. पण खवळून त्यांनी जे केलं ते म्हणजे रणगाड्यांना फुलं दिली. २००६ च्या उठावात बँकॉककर सैनिकांबरोबर फोटो काढत होते. मग थाकसिनविरोधी पिवळे शर्ट आणि त्याच्या बाजूचे लाल शर्ट, २००८ ला पिवळ्यांनी सुवर्णभूमी विमानतळ बंद पाडला, २०१० ला लाल लोक रात्चाप्रसोंग चौकात, म्हणजे बँकॉकच्या सगळ्यात महागड्या मॉल्सच्या मधोमध, आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले आणि शेवटी लष्कराने त्यांना उठवलं, नव्वदवर माणसं त्या वर्षी मेली. तिथेच तो एरावणचा ब्रह्मदेव आहे, आपले टूरवाले लोक ज्याच्यासमोर सेल्फी काढतात. पी त्या चौकातून गाडी काढताना रेडिओ बंद करतात. मी कारण विचारलं नाही कधी. त्यांचा भाऊ तिथे होता एवढं माहितीये.

रंगांचं इथे फार जपावं लागतं. प्रत्येक वाराला रंग आहे, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, शुक्रवार निळा वगैरे, आणि राजे भूमिबोल सोमवारी जन्मले म्हणून पिवळा त्यांचा. आपल्या बायका नवरात्रात नऊ रंग पाळतात तसं गमतीने सुरू होतं आणि मग राजकारण येऊन त्यात बसतं. आमच्याकडे पाहुणे आले की माझी बायको त्यांच्या बॅगेतले भडक लाल टीशर्ट बघून आधी हसायची, मग म्हणायची, घाला हो, काही होत नाही, फक्त आज मोर्चा नाहीये ना ते बघून घेते. १३ ऑक्टोबर २०१६ ला राजे गेले आणि वर्षभर शहर काळ्यात गेलं. पहिल्या आठवड्यात काळे कपडे दुकानांतून संपले, मग ठिकठिकाणी मोठमोठ्या पातेल्यांत काळा रंग उकळत ठेवून लोक आपापले शर्ट रंगवून घेऊ लागले, त्यातला एक माझाही होता, आकाशी रंगाचा, जो पुढे कायम जांभळट काळा राहिला. बीटीएसमध्ये सकाळी आठला डबाभर माणसं काळी, आणि कुणी रडत होतं ते खरंच रडत होतं, देखावा नव्हता, सत्तर वर्षांची कारकीर्द होती, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी एकच चेहरा बघितलेला. २०२५ च्या ऑक्टोबरात राजमाता सिरिकित गेल्या तेव्हाही सरकारने लोकांना नव्वद दिवस दुखवट्याचे कपडे घाला म्हणून सांगितलं, पुन्हा काळे शर्ट बाहेर आले.

या विषयावर याच्यापुढे मी लिहिणार नाही. राजघराण्याचा अवमान केला तर लागणारं कलम ११२ आहे, तीन ते पंधरा वर्षं तुरुंग, तेही प्रत्येक आरोपाला वेगळी, आणि २०२५ मध्ये इथे वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या एका अमेरिकन प्राध्यापकालाही त्याखाली अटक झाली होती. पुढे खटला गुंडाळला गेला, पण त्यांना देश सोडावा लागला. तर समजून घ्या.

त्यापेक्षा हसण्यासारखं पुष्कळ आहे. समाक सुंदरावेत म्हणून एक पंतप्रधान होते, त्यांना स्वयंपाकाची भयंकर आवड, टीव्हीवर त्यांचा कुकिंग शो होता. पंतप्रधान झाल्यावरही ते शोमध्ये गेले, त्याचं मानधन मिळालं, आणि घटनेनुसार पंतप्रधानाला दुसरी नोकरी चालत नाही म्हणून २००८ मध्ये कोर्टाने त्यांना पदावरून काढलं. फोडणी देताना सरकार गेलं. प्रयुतांनी २०१८ च्या जानेवारीत पत्रकारांसमोर स्वतःचा उभा पुठ्ठ्याचा पुतळा आणून ठेवला, म्हणाले राजकारणावरचे प्रश्न याला विचारा, आणि निघून गेले. त्यांचे उपपंतप्रधान जनरल प्रवित यांनी एका ग्रुप फोटोत ऊन लागलं म्हणून डोळ्यांवर हात धरला तर मनगटावर लाखोंचं घड्याळ चमकलं, मग लोकांनी जुने फोटो उकरून वीसेक महागडी घड्याळं मोजली, आणि जनरलसाहेबांचा खुलासा काय, तर घड्याळं मित्राची आहेत, आणि तो मित्र वारलाय. भ्रष्टाचारविरोधी आयोगाने हे मान्यही केलं. आमच्या ऑफिसात त्यानंतर कित्येक महिने कुणी उशिरा आलं की म्हणायचं, घड्याळ मित्राचं आहे.

बघा, हे ते म्हणायचे. लोक बोलत नाहीत हे मी सुरुवातीला इतकं धरून बसलो होतो की बोलतात कसं, तिकडे लक्षच नव्हतं. आपल्याकडे राजकारण म्हणजे टपरीवर आवाज चढवून, समोरच्याच्या पक्षाची सात पिढ्यांची उजळणी करून, मग त्याच्याच पैशाने चहा पिऊन उठणं. इथे आवाज चढवला की संपलं, तुम्ही वेडे. पण विनवर, म्हणजे नारिंगी जाकिटं घातलेल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या अड्ड्यावर जाऊन बसा. फळकुटावर रंगाने चौकोन आखलेले, बिअरच्या बाटल्यांच्या बुचांनी खेळ चाललेला, एकाची बुचं सरळ, दुसऱ्याची उलटी. तिथे कुणी पंतप्रधानाचं नाव घेत नाही, पण एक बूच नको तिथे सरकवलं की दुसरा म्हणतो, "कोर्टात जाऊ का?" आणि सगळे फिदीफिदी हसतात. या जाकिटांवरचे नंबर, ही नोंदणी, हेही थाकसिनच्याच काळातलं, त्याआधी सोईतला दादा सांगेल तो हप्ता. पी म्हणतात, विनवाल्याला काही विचारू नकोस, त्याला सगळं माहिती असतं.

मग २०२० आलं आणि पोरं बोलायला लागली. शाळकरी पोरं. सकाळी आठला झेंडावंदनाला तीन बोटं वर, केसांच्या लांबीवरून मास्तरांशी भांडण, मोर्चात हॅरी पॉटरचे झगे, नोव्हेंबरात संसदेबाहेर पाण्याचे फवारे मारले तर त्यांनी हवेची मोठ्ठी पिवळी रबरी बदकं ढालीसारखी पुढे केली. आणि मोर्चा कुठे आहे हे पोलिसांच्याही आधी कुणाला कळायचं, तर मीटबॉल विकणाऱ्या गाडीवाल्यांना. जागा शेवटच्या क्षणी बदलायची, ऑनलाइन जाहीर व्हायची, आणि लोक पोचतात तो तिथे ल्युक-चिनची गाडी आधीच उभी, तेल तापलेलं. पोरांनी त्यांचं नाव सीआयए ठेवलं. मी एका संध्याकाळी कामावरून परतताना असोकच्या चौकात अडकलो, लांबूनच बघत होतो, वर्क परमिटवाल्याने लांबच राहायचं असतं, पण मीटबॉल घेतले. तिखट सॉस एक नंबर.

आमच्या एचआरच्या बाईंची मुलगी त्या मोर्च्यांना जायची. बाई स्वतः पिवळ्या, २००६ ला फुलं द्यायला गेलेल्या. घरात आठ-आठ दिवस अबोला. बाईंनी मला लंचला सांगितलं की, मुलगी माझ्याशी बोलत नाही पण मी मोर्चाच्या दिवशी तिच्या बॅगेत रेनकोट आणि डोळे धुवायचं पाणी ठेवते, आणि ती ते नेते. त्या पोरांपैकी बरेच जण नंतर खटल्यांमध्ये अडकले, काही अजून आत आहेत. बाईंची मुलगी आता मेलबर्नला असते. बाई अजून पिवळ्याच आहेत, असं त्या म्हणतात.

१४ मे २०२३ ची निवडणूक मला सगळ्यात लख्ख आठवते. आदल्या संध्याकाळी सहापासून दारूबंदी, तो आपल्याला परिचित ड्राय डे, फक्त इथे सेव्हन-इलेव्हनच्या फ्रिजला पट्टी लावून ठेवतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मतमोजणी, तीही कशी, शाळेच्या अंगणात किंवा मांडवाखाली सगळ्यांसमोर एकेक मतपत्रिका उघडून वर धरायची, नाव पुकारायचं, आणि फळ्यावर रेघ मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मी मुलीला घेऊन आमच्या जवळच्या केंद्रावर बघायला गेलो, दोरीच्या अलीकडून कुणीही बघू शकतं. ३१ नंबर, ३१ नंबर, पुन्हा ३१. तो मूव्ह फॉरवर्ड पक्षाचा, त्या बदल मागणाऱ्या पोरांच्या लाडक्या पक्षाचा, ज्याचा रंग नारिंगी. बँकॉकच्या ३३ पैकी ३२ जागा त्यांनी घेतल्या, देशात १५१, सगळ्यात मोठा पक्ष. रेघा मारणाऱ्या मास्तरीणबाईंचा चेहरा मी बघत होतो, सरकारी नोकर, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, पण खडू धरलेल्या हाताचा वेग वाढत गेला होता.

पुढे काय झालं? लष्कराच्या काळात नेमलेल्या २५० सिनेटरांना पंतप्रधान निवडताना मत होतं. मूव्ह फॉरवर्डचे उमेदवार पिता लिमचारोन्रात यांना बहुमताला लागणारे ३७५ पाहिजे होते, पडले ३२४. दुसऱ्या नंबरच्या, थाकसिनच्या गोटातल्या फ्यू थाई पक्षाने ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली होती त्या लष्करी पक्षांबरोबरच सरकार केलं, आणि २२ ऑगस्टला, ज्या दिवशी स्रेट्था पंतप्रधान म्हणून निवडून आले त्याच दिवशी सकाळी, थाकसिन पंधरा वर्षांनी खाजगी विमानाने परत आला. आता हे योगायोग आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाहीत. पहाटेचे शपथविधी बघितलेली माणसं आपण. पक्ष बदलणाऱ्या खासदाराला इथे नाग म्हणतात आणि छोट्या पक्षांना गप्प बसवायला जे पोचवतात त्याला केळी. मी ऑफिसात सांगितलं की आमच्याकडे त्याला खोके म्हणतात, तर त्यांना ते फार आवडलं, एकाने विचारलं, एका खोक्यात किती केळी?

मग ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने मूव्ह फॉरवर्डच बरखास्त केला. ११२ बदलण्याचा प्रचार केला म्हणून. एक कोटी चाळीस लाखांवर मतं मिळालेला पक्ष एका दुपारी संपला, आणि दोनच दिवसांनी त्याच लोकांनी नवा पक्ष काढला. हे या देशात इतक्यांदा झालंय की पक्ष बरखास्त झाला की पुढच्याचं नाव काय याच्यावर पैजा लागतात.

आता तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. बरं झालं, शिस्त येईल.

आम्हा परदेशी लोकांचा इथला सौदा सरळ आहे. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवा, फॉर्म टीएम-४७, कंपनीने एका परदेशी माणसामागे चार थाई कामाला ठेवलेत ना त्याचे कागद द्या, राजकारणापासून लांब राहा, आणि त्या बदल्यात सुरळीत आयुष्य घ्या. मी घेतलंय, तक्रार नाही, मुलगी इथेच वाढली. पण हे सुरळीतपण म्हणजे या लोकांचा स्वभाव आहे, बुद्धाची शिकवण आहे, हसरी माणसं आहेत, असं जे आपले लोक पार्टीत हातात ग्लास घेऊन सांगतात ना, ते ऐकून माझं डोकं फिरतं. अरे, हसरी माणसं आहेत, खरंय, पण त्यांनी २००१ पासून जेव्हा जेव्हा मत द्यायला मिळालं तेव्हा काय निवडलं ते बघा, आणि त्याचं काय झालं ते बघा. २००८ पासून कोर्टाने पाच पंतप्रधान घरी पाठवले, पाचही थाकसिनच्या गोटातले. तू ज्याला शांतता म्हणतोयस ती कुणाच्या तरी मताची किंमत मोजून आलीये, आणि ती किंमत तू भरलेली नाहीस, तुझ्या ड्रायव्हरने भरलीये. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, चकल्यावाला माणूस चांगला आहे, आणि ग्रुपवर कोण असतं सांगता येत नाही.

आणि मत मोजलं गेलं तर काय होतं तेही मी इथेच बघितलंय, उगाच रडगाणं नको. बँकॉकचा गव्हर्नर लोक निवडतात, बाकी प्रांतांचे गृहखात्याकडून नेमले जातात. नऊ वर्षं निवडणूकच नव्हती, ती २२ मे २०२२ ला झाली, म्हणजे उठावाला बरोब्बर आठ वर्षं झाली त्या दिवशी, आणि चाडचार्ट सिट्टिपुंट नावाचा इंजिनियर तेरा लाखांवर मतं घेऊन आला. त्याचे प्रचाराचे बोर्ड असे छापलेले की नंतर शिवून त्याच्या पिशव्या व्हाव्यात, आमच्या मू-पिंगवाल्या मावशीचा ॲप्रन त्यातलाच आहे, पोटावर गव्हर्नरचा अर्धा चेहरा. त्याने ट्रॅफी फॉन्ड्यू नावाचं तक्रारीचं ॲप कामाला लावलं, फोटो काढा, लोकेशन द्या, पाठवा. ते कुणालाही चालतं, मलासुद्धा. आमच्या सोईत गटाराचं झाकण डगमगायचं, पावसात त्याच्यावर पाय पडला की गुडघाभर पाणी उडायचं. फोटो टाकला, काही दिवसांनी तीन माणसं आली, झाकण बदललं, आणि त्यांनी मला त्याचा फोटो परत पाठवला. या देशात माझा राजकीय सहभाग म्हणाल तर तेवढाच, एक झाकण.

दर जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी इथे बालदिन असतो. त्या दिवशी लष्कराच्या तळांवर पोरांना रणगाड्यांवर चढायला देतात आणि सरकारी वाड्यात पंतप्रधानांच्या खुर्चीत बसायला. आमची मुलगी लहान असताना आम्ही दोन्हीकडे नेलं होतं. रणगाड्यावर एक जवान पोरांना हेल्मेट घालून फोटो काढू देत होता, फार गोड माणूस, इसानचाच, त्याने हिला खायला जेलीच्या गोळ्या दिल्या. खुर्चीसाठी रांग मोठी होती, आणि पुढे उभ्या असलेल्या एका आजीने नातवाला बजावलं, लवकर ऊठ हं, सगळे लवकरच उठतात.

पी या वेळीही मत द्यायला उदोनला जाणार आहेत. बाहेरून मत द्यायची आधी नोंदणी केली नसेल तर इथे मत तुमचं नाव ज्या घराच्या वहीत असतं तिथे, आणि बँकॉकात वीस वर्षं गाडी चालवूनही त्यांचं नाव गावच्या वहीत आहे, साडेपाचशे किलोमीटरवर. त्याच दिवशी नवी राज्यघटना हवी की नको यावरही लोकांना विचारणार आहेत. मी म्हटलं, पी, आत्तापर्यंत तुम्ही ज्यांना दिलं ते सगळे एक तर घरी गेले नाहीतर जेलमध्ये, थाकसिनसुद्धा आता आतच आहे, आणि तुम्ही बसने रात्रभर जाणार? ते म्हणाले, नाही गेलो तर म्हणतील यांना तरी कुठे हवं होतं. मग थोडा वेळ गाडी चालवून म्हणाले, शिवाय आई आहे, तिला धरून न्यावं लागतं केंद्रावर, ती मला कुणाला दिलं ते सांगत नाही, माझा संशय आहे ती दरवेळी दुसऱ्यालाच देते.

सोमवारच्या रजेचा त्यांचा फॉर्म माझ्याकडे सहीला आला. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'निवडणूक' लिहिलं होतं. एचआरच्या बाईंनी ते बारीक रेघेने खोडून वर 'कौटुंबिक' लिहिलं होतं, म्हणाल्या, कंपनीच्या कागदावर कशाला उगाच. मी सही केली.